बकुळेचं बोरन्हाण

शिरलात का सगळे पांघरुणात? तो पाय आत घे आधी. हं, आता सांगते. मध्ये कोणी बोलायचं नाही, हुंकार तेवढा द्यायचा.

एक होती राणी. राजाही होता, पण तो बारा महिने घोड्यावर. म्हणून त्याला आपण सध्या घोड्यावरच राहू देऊ, लागेल तेव्हा उतरवू. तर राणीचं नाव चारुमती. मनाने अगदी लोण्यासारखी मऊ, पण एक खोड होती तिला. काहीही करायचं म्हटलं की आधी विचारायची, "लोक काय म्हणतील?" गोड हसू आलं तरी लोक काय म्हणतील, आणि शिंक आली तरी लोक काय म्हणतील! का, तर लहानपणी तिला कोणी कधी सुंदर म्हटलं नव्हतं. बहिणींना म्हणायचे, "काय देखणी पोर!" आणि हिच्याकडे बघून म्हणायचे, "ही होय? ही कामसू आहे हो." ते सलत राहिलं होतं बिचारीच्या मनात.

मग काय झालं, तिला मुलगी झाली. बकुळा. दिसायला चिमणीएवढी आणि आवाज मात्र कावळ्याचा! दिवसभर वाडाभर हिची कावकाव. आईच्या चपला पायात अडकवायची, ओढणी गुंडाळायची, कुंकवाचा करंडा कपाळावर पालथा घालायची आणि म्हणायची, "मी राणी! सगळे माझ्याकडे जेवायला या!" पण भातुकलीचा भात शिजायच्या आत दारात वासरू आलं, की एक चप्पल इकडे, एक तिकडे, आणि राणीसाहेब वासरामागे पसार. आता यात वाईट काही नाही बरं का. तो खेळ होता तिचा. खेळात नटावं की, खुशाल नटावं.

आणि झोपायची वेळ झाली की आईच्या मांडीवर डोकं ठेवायची. उशी नको, गादी नको. मांडीच हवी. राणीला ते फार फार आवडायचं.

एकदा काय झालं, सात डोंगरांपलीकडून एक साजवाली आली. डोक्यावर काळी शिसवी पेटी. पेटी खाली ठेवून ती म्हणाली, "राणीसाहेब, यातला साज ज्याच्या अंगावर चढेल त्याची सगळं गाव वाहवा करील. पण आधीच सांगून ठेवते, हा मोठ्या बायकांचा साज आहे. लोकांच्या वाहवेवर जगतो. जितकी वाहवा होईल तितका अंगात मुरतो. लहान पोराच्या अंगात मुरला, तर मग काढू म्हणाल तरी निघायचा नाही."

राणीने त्यातलं 'वाहवा' तेवढं ऐकलं. माणूस हवं तेवढंच ऐकतं रे. "आधी हात धू, मग लाडू खा" म्हटलं की तुम्हाला नाही का, लाडू तेवढा ऐकू येतो!

राणीने पेटी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने बकुळेच्या ओठांना लाली लावली. दासी नेहमीसारखी काजळाची डबी घेऊन आली. म्हणाली, "बाळाच्या गालाला तीट लावते."

"नको गं," राणी म्हणाली. "एवढा सुंदर रंग लावलाय, त्यावर काळा ठिपका? लोक काय म्हणतील?"

मग दरबारच्या बायका आल्या. "अगंबाई! काय देखणी पोर! अगदी मोठ्या बाईसारखी दिसते!" असं म्हटल्याबरोबर राणीच्या काळजाला गार वाटलं. इतक्या वर्षांनी तो शब्द तिच्या घरात आला होता ना. पण झोपताना ती लेकीची पापी घ्यायला वाकली, तर बकुळा तोंड फिरवून म्हणाली, "नको आई, लाली पुसेल." आणि त्या दिवसापासून तिचं खदाखदा हसणं गेलं. हसायची, पण ओठ मिटून.

मग राणीने काय केलं? थांबली? छे! वाहवेची चटक म्हणजे चिंचेसारखी, एक बोट चाटलं की दुसरं हवंच. तिने पेटीतला शालू काढला, कातरून बेतून छोटा केला आणि बकुळेला नेसवला. जरीचा, जड. पुन्हा सगळ्या बायका म्हणाल्या, "वाहवा!" दारात वासरू येऊन हंबरलं. बकुळेने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "खाली शेण असेल." गेली नाही. वासरू बराच वेळ उभं राहिलं आणि निघून गेलं.

मग खोपा. हा एवढा मोठा, वर मोत्यांची जाळी. गाव लोटलं बघायला. "वाहवा! वाहवा!" आणि त्या दिवशी झोपायची वेळ झाली, राणीने मांडी घातली, हात पुढे केले. बकुळा आलीच नाही. खोप्यामुळे डोकं टेकता येईना. तक्क्याला टेकून ताठ बसली आणि म्हणाली, "आईसाहेब, आपण दमला असाल. आपण निजावं."

राणी तिच्याजवळ सरकली. "अगं बकू, मला आपण काय म्हणतेस? तू म्हण ना!"

"लोक काय म्हणतील, आईसाहेब?" बकुळा म्हणाली.

अगं आई गं! स्वतःचेच शब्द, पण लेकीच्या तोंडून कसे लागले म्हणून सांगू! आता राणीचे डोळे उघडले. तिने साय लावून लाली पुसली, तर ती जास्तच लाल झाली. शालूचं टोक ओढलं, तर निरी सुटेना. खोप्याची गाठ सोडली, तर गाठीवर गाठ बसली. मग तिने राजाला बोलावलं. आता उतरवू या त्याला घोड्यावरून. राजा धावत आला, लेकीसमोर चक्क ओणवा झाला आणि म्हणाला, "बस बकू पाठीवर! चल, घोडा घोडा!"

"उठावं बाबासाहेब," बकुळा हळूच म्हणाली. "दासी बघताहेत."

राजा उठला आणि खांबाआड जाऊन रडला. एवढा मोठा लढाया मारणारा राजा, मिशा ओल्या झाल्या त्याच्या. साजवालीला शोधायला चारी दिशांना स्वार गेले आणि रिकामे परत आले. ती कुठली सापडायला!

मग आली संक्रांत. संक्रांतीला लहान पोरांचं बोरन्हाण असतं, ठाऊक आहे ना? तुमचंही झालंय. बाळाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बत्तासे ओतायचे, आणि बाकीच्या पोरांनी तुटून पडायचं. बोरन्हाण पाचव्या वर्षापर्यंतच, आणि बकुळेला पाचवं लागलेलं. म्हणजे हे तिचं शेवटचं बोरन्हाण. राणीने स्वतः शेगडीशी बसून हलवा केला होता, बोटं पोळून घेतली होती. हार, बाजूबंद, मुकुट, सगळं साखरेचं. तिला वाटत होतं, आज हसली तर हसली पोर. आज नाही, तर कधीच नाही.

पण मुकुट खोप्यावर बसेना. हार शालूवर शोभेना. दागिने ताटातच राहिले. बकुळा पाटावर बसली, ताठ. गावची पोरं हात धुवून वाट बघत उभी. राणीने सूप पालथं केलं. खोप्यावरून बोरं टपाटपा घरंगळली, पण एकही पोर पुढे होईना. एक धीट मुलगी पुढे झाली आणि बकुळेला म्हणाली, "मावशी, घेऊ का हो?"

मावशी म्हणाली! चार वर्षांची पोर आपल्याच वयाच्या पोरीला मावशी म्हणाली!

आणि बकुळा म्हणते कशी, "सांडू नका रे. कोणीतरी घसरून पडेल."

झालं, बायकांना भरतं आलं. "किती समजूतदार! वाहवा!" आणि राणीने बघितलं, तेवढ्या एका वाहवेने लेकीच्या ओठांवरची लाली आणखी गडद झाली. डोळ्यांदेखत झाली. साजवालीचं बोलणं आता कुठे तिला पुरतं कळलं. वाहवेवर जगतो म्हणाली होती. मग हा मरेल कशाने? सगळे नावं ठेवून फिदीफिदी हसतील, अशाने? मग हसू देत. आधी माझ्यावरच हसू देत.

तिने ताटातला मुकुट उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. हार गळ्यात घातला. पदर खोचला. आणि "माझी बोरं! माझी बोरं!" करत ती राणी, मुलांनो, जमिनीवर पालथी पडली!

काय सांगू! पोरं आधी घाबरली, मग चेकाळली. राणी एका पोराशी उसाच्या करव्यासाठी झटापट करते आहे, नाकाला चुरमुरा चिकटलाय, केसांत बोर अडकलंय. बायका कुजबुजल्या, "राणीसाहेबांना वेड लागलं." मग कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. राणीचे कान लाल झाले, लाजेने डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही.

"आईसाहेब, उठावं," बकुळा म्हणाली. "लोक..."

"म्हणू देत!" तोंडात बत्तासा, त्यामुळे राणीचं बोलणं धड कळेना. तिने गळ्यातल्या हाराचा एक मणी कडकन चावला. मग दुसरा. मग मुकुटाला हात घातला.

बकुळेने मुकुटाकडे पाहिलं. पाटावर ती पुढे सरकली. आणि मग, मुलांनो, कावळ्याचा तो आवाज वाड्यात घुमला, "ए आई! तो माझा मुकुट आहे! तू खाऊ नकोस!"

तू म्हणाली! ऐकलंत? तू म्हणाली!

ओरडल्याबरोबर लालीचे पोपडे गळाले. ती उठून धावली, तर शालू पाटावरच राहिला आणि पोर परकरातच पळत सुटली. आईच्या अंगावर अशी आदळली की खोपा सुटला, मोती घरंगळले आणि बोरांत मिसळले. एका पोराने बोर समजून मोती चावला आणि "थू, कच्चं आहे!" म्हणून टाकून दिला. मायलेकी मुकुट ओढता ओढता हसत सुटल्या. राजा पुन्हा ओणवा झाला. या वेळी मात्र बकुळाच नव्हे, गावची चार पोरं पाठीवर बसली. घ्या!

दिवेलागण झाली तेव्हा बकुळा आईच्या मांडीवर होती. हात चिकट, तोंड चिकट, मुठीत मुकुटाचा उरलेला तुकडा. तशीच झोपली. राणीच्या पायांना मुंग्या आल्या. दासी वाकून म्हणाली, "राणीसाहेब, पाहुणे अजून बसलेत. तोंड तरी धुवा, केस तरी बांधा."

"श्श," राणी म्हणाली. "हळू बोल. माझी बकू झोपलीय."

मग ती पेटी राणीने माळ्यावर ठेवली. पुढे बकुळा मोठी झाली, तिने आपल्या हाताने ती काढली, आवडलं ते घातलं, नावडलं ते ठेवून दिलं. साजाने काही केलं नाही तिला. आता तिचं तेवढं वय झालं होतं ना. राजा, राणी आणि बकुळा सुखात राहिली, अजूनही असतील.

आता मिटा डोळे. मोठं व्हायला लाली लागत नाही आणि शालू लागत नाही रे. गाढ झोपलं की पोरं आपोआप वाढतात. पण हळूहळू वाढा हं सोन्यांनो, आजीला काही घाई नाही.