भैरू पैलवानाची बोटं

"बोटांत जोर कसा आणायचा तेवढं सांगा. मानेचं मला काय सांगू नका!"

भैरू खोत दादू वस्तादांच्या अंगणात उभा राहून ओरडत होता. वस्तादापुढं कोणी असा आवाज चढवत नाही. पण जत्रेची कुस्ती बारा दिवसांवर आली होती, आणि भैरूच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं धरलेलं काही धरून ठेवत नव्हती.

वस्ताद बाजेवर बसले होते. हाताखालून शेकड्यानं पैलवान गेले, डोक्यावर बसलेला हा एकच.

"डाक्टर काय म्हनला?"

"म्हनं मानेत शीर दबलीया. तिथनंच बोटांत जोर उतरंना. सहा आठवडं गळ्यात पट्टा, कुस्ती बंद, मानंवर वजन बंद. न्हाई ऐकलं तर बोटं कायमची जातील म्हनं." भैरू पचकन थुंकला. "लुळी पडली बोटं, आन् दवा मानंला! माझी मान लोखंड हाय. अजून दोन गडी उभं करतो तिच्यावर."

"आजपन केलंस?"

"रोज करतो."

"आन् बोटांचं?"

भैरूनं हात पुढं केला. वाळूच्या घमेल्यात आपटून आपटून नखं काळीनिळी झाली होती, एक तर उभं चिरलं होतं. असलं काही मिरवायला पैलवानच पाहिजे.

"हजार वेळा आपटतो. ऐकत न्हाईत भाडखाऊ! काल माझ्या पोरीला उचललं, तर..."

"तर?"

"निसटली. खाली गादी हुती म्हनून." एवढं बोलून त्यानं तोच हात मांडीवर दाणकन आपटला.

वस्तादांनी अंगणातल्या शेळीकडं बघितलं. मग म्हणाले, "ती शेळी सावलीत ने. उनात उभी हाय."

शेळी बाजेच्या पलीकडं उभी होती. भैरूनं डाव्या हातानं तिचं शिंग धरून ओढलं. शेळी हलेना. त्यानं पुन्हा ओढलं. तिनं चारी पाय रोवले.

आधी बोटांनी लाज काढलेली, आता शेळीनं. त्यानं तिच्या पाठीत रट्टा घातला. मग दुसरा. शेळी कळवळून ओरडली, पण जागची हलली नाही. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा कुठं त्याचं लक्ष गेलं. तिच्या गळ्यातली दोरी बाजेच्या पायाखाली दबली होती.

"ओ वस्ताद, उठा की! दोरी तुमच्याखाली अडकलीया. ती बिचारी कशी हलंल?"

वस्ताद उठले नाहीत.

"मग तिला का बडवलंस?"

भैरूनं उगारलेला हात खाली घेतला.

वस्ताद उठले. त्यांनी बाज बाजूला सारली. दोरी मोकळी झाली.

भैरू आपल्या नखांकडं बघत राहिला. राग गेला नव्हता, पण आता तो कोणावर काढावा ते त्याला कळेना.

"पट्टा घातला," तो घुश्शातच म्हणाला, "तर जत्रंपतूर बोटं येतील?"

वस्तादांनी शेळीकडं बोट केलं. "ने तिला."

भैरूनं हात लांब केला. शेळी मागं सरकली. तो एक पाऊल पुढं झाला, तशी ती थेट भिंतीला जाऊन टेकली.

"आता तर दोरी सुटली!" भैरू पुन्हा ओरडला. "आता का यीना?"

आणि इतका वेळ शांतपणे बोलणारे वस्ताद कडाडले.

"मार तिनं खाल्लाय, तू न्हाईस! खाली बस. यायचं तवा यील ती."