आमच्यातली निलोफर कोण?

निलोफर अत्तार नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स होती. एका सोसायटीने तिला भाड्याने फ्लॅट नाकारला, म्हणून तिने राज्याच्या अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार केली. तेव्हापासून तिला धमक्यांचे फोन येऊ लागले. सुनावणीला ती जीव मुठीत धरूनच आली. शेजारी मैत्रीण वैजयंती होती. उन्हात गाडी चालवत आल्यामुळे वैजयंतीच्या डोक्याला अजून स्कार्फ होता.

सोसायटीचे चेअरमन दादासाहेब अधिकाऱ्यांसमोर ऐटीत उभे राहिले. “धर्माचा प्रश्नच नाही, साहेब. ही बाई फ्लॅट बघायला आली आणि माझ्याशी उद्धटपणे बोलली. चेहरा चांगला लक्षात आहे माझ्या.”

निलोफर म्हणाली, “मग दादासाहेबांनीच सांगावं, आम्हा दोघींतली निलोफर कोण?”

दादासाहेबांनी बेधडक स्कार्फकडे बोट दाखवलं.

“मी वैजयंती गद्रे,” वैजयंती म्हणाली.

“मी यांना फक्त फोन केला होता, साहेब,” निलोफर म्हणाली. “नाव सांगताच यांनी फोन ठेवला. त्यात उद्धट काय होतं, माझं नाव?”

दादासाहेब खाली बसले.

पुढे आयोगाच्या आदेशाने निलोफरला फ्लॅट मिळाला. राहायला जाण्याआधी तिने दाराला आतून आणखी एक कडी बसवून घेतली.