साथीचा गाडा

फार पूर्वी, तिथला राजा कोण होता हेही आज कोणाला सांगता येणार नाही इतक्या पूर्वी, एका ओढ्याच्या दोन बाजूंना दोन गावं होती. एक वरचं गाव, एक खालचं गाव. लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण ही गोष्ट सांगताना मला राग येतो तो तुमच्या वयाच्या लोकांचा.

वरच्या गावाची एक रीत होती. साथ आली की लाकडाचा एक छोटा गाडा बाहेर काढायचा. त्याला कडुलिंबाचा पाला बांधायचा, हळदकुंकू वाहायचं आणि वाजतगाजत तो खालच्या गावाच्या वेशीत नेऊन सोडायचा. प्रत्येक घरातल्या एकाने तरी गाड्याचा दोर ओढायचा. आजाऱ्याचं तोंड पुसलेलं फडकं गाड्याला बांधायचं. मग रोग गाड्यात बसतो आणि गाव सोडून जातो, असं सगळे मानायचे. तो जातो कुठे, हे कोणी विचारायचं नाही.

एका हिवाळ्यात वरच्या गावात खोकला आणि ताप आला. आधी एक म्हातारा गेला. मग एक धडधाकट नांगरकरी गेला, तेव्हा मात्र गाव हादरलं आणि लगेच दोन तट पडले.

एक तट म्हणाला, आता सगळे मरणार. त्यांनी दारं लावली, विहिरीवर पहारा बसवला. बांगड्या विकायला आलेल्या एका कासाराला चुलीच्या धुराने ठसका लागला, तर त्याला दगड मारून हाकललं. बिचाऱ्याला पाणीसुद्धा दिलं नाही. दुसऱ्या तटाचा पुढारी होता गावातला दुकानदार. तो म्हणाला, हे साधं पडसं आहे, दरवर्षी येतं, भित्र्यांनी उगाच बाऊ केलाय. नुसतं म्हणून तो थांबला नाही. नातवाच्या बारशाला त्याने गावजेवण घातलं. माणसं मांडीला मांडी लावून जेवली, आणि त्याच पंगतीतली निम्मी माणसं आठवडाभरात अंथरुणाला खिळली.

हे सगळ्यात आधी गावच्या पाटलाच्या ध्यानात आलं. माणूस माणसाजवळ बसला की ताप पसरतो, हे त्याला स्वच्छ दिसलं. पण तो गप्प बसला. बोललो तर दुकानदार रुसेल, न बोललो तर भेदरलेले ओरडतील, मग बघू, असं करत तो दोन्ही बाजूंना मान डोलावत राहिला. अशा माणसाला लोक समंजस म्हणतात. मी त्याला दुसरं काही म्हणेन, पण इथे मुलं बसली आहेत.

शेवटी गाडा काढायचं ठरलं. आणि गंमत बघा, गाडा ओढायला दोन्ही तट आले. साथीला घाबरणारे आले, कारण त्यांना रोग घालवायचा होता. न घाबरणारे आले, कारण ढोल वाजणार होते आणि शेवटी गूळखोबरं मिळणार होतं. तापाने फणफणलेल्यांनाही दोन्ही बाजूंनी धरून आणलं. सगळ्यांनी एकच दोर धरला, एकमेकांच्या तोंडावर खोकत खोकत.

पाटलाची एकुलती एक लेक खालच्या गावात दिली होती. तिच्या घरी तान्हं मूल होतं. खालच्या गावात अजून कोणी साधं शिंकलंही नव्हतं. ढोल ऐकून ती मुलाला सासूजवळ ठेवून धावत वेशीवर आली आणि गाड्यापुढे आडवी उभी राहिली.

"आबा, गाडा हितंच थांबवा," ती म्हणाली. "आमच्यात कुणी आजारी न्हाई. तुमी घरोघर बसून ऱ्हावा. पीठ, सरपण काय लागंल ते आमी ओढ्याकाठी आणून ठेवू."

पाटील खाली बघत म्हणाला, "गाव ऐकत न्हाई, पोरी."

"गाव ऐकत न्हाई, का तुमी सांगतच न्हाई?"

तेवढ्यात दुकानदार पुढे झाला. साध्या खोकल्याला एवढं काय घाबरायचं, असं म्हणून तो हसला. लेकीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्या गर्दीकडे पाहिलं.

"साधा हाय तर गाडा कशापायी ओढता?" ती म्हणाली. "आन् साधा न्हाई, तर माझ्या दारात कशापायी आणता?"

त्यावर त्यांनी ढोल आणखी मोठ्याने वाजवले. गाडा पुढे सरकला. तो सरकवणाऱ्या हातांत पाटलाचाही हात होता. ती दोर धरून मागे ओढत राहिली, शेवटी कोणीतरी तिला ढकलून बाजूला केलं. मग गूळखोबरं वाटलं गेलं आणि गाव हलक्या मनाने घरी गेलं.

गाडा गेला, पण ताप वरच्या गावातून हलला नाही. उलट दोराला धरून आलेली घरंच्या घरं आजारी पडली. आणि आता तो खालच्या गावातही शिरला. सगळ्यांत आधी पाटलाची लेक तापली. ज्या दोराला आजाऱ्यांचे हात लागले होते तो तिने धरला होता, त्याच गर्दीत ती उभी राहिली होती. मूल वाचलं, कारण तापल्या अंगाने तिने ते कोणाला जवळ आणू दिलं नाही. ते पलीकडच्या खोलीत रडत असायचं आणि ती भिंतीला कान लावून ऐकायची. पौर्णिमेच्या आत ती गेली.

हिवाळा सरला, साथ ओसरली. वरच्या गावात चावडीवर पुन्हा दोन्ही तट बसले. दुकानदार म्हणाला, बघा, निम्म्याहून जास्त गाव जिवंत आहे, म्हणजे भीती उगाचच होती. दुसरे म्हणाले, एवढी माणसं गेली, म्हणजे आम्ही घाबरलो ते बरोबरच होतं. दोघांनाही आपलंच खरं करायचं होतं. गेलेल्यांचं नाव एकाच्याही तोंडी नव्हतं.

पाटील उठला. "भ्यायला हवं हुतं का नको, ते तुमी बसून ठरवा," तो म्हणाला. "माझी लेक मी मारली. ताप मी माझ्या हातानं तिच्या दारात ओढत नेला."

दुकानदाराने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो पाटलाने घेतला नाही. तो तसाच ओढा ओलांडून नातवाला बघायला गेला. जावई दारातच उभा होता. त्याने सासऱ्याला वाकून नमस्कार केला, पण आत या म्हटलं नाही. त्याच्या कडेवरचं मूल त्या अनोळखी म्हाताऱ्याकडे टकमक बघत राहिलं, आणि हे तुझे आजोबा, असं त्याला कोणीही सांगितलं नाही.

ऐकणाऱ्यांनो, साथीला भिणं हा गुन्हा नाही, पण आपली भीती उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं हा गुन्हा आहे.