ओकारीचा कातळ

स्वीडनच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रोविक नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या धक्क्याशेजारी एक सपाट काळा कातळ आहे. त्याला ओकारीचा कातळ म्हणतात. नाव ऐकून पाहुणे हसतात. गावातली जुनी माणसं हसत नाहीत.

या देशाच्या इतिहासात राजे पुष्कळ, लढाया त्याहून पुष्कळ. ग्रोविककरांना त्यातली एकच पाठ आहे, आणि ती एका बाईने तोंडाने लढली.

असं सांगतात, की राजाचं युद्ध दक्षिणेत अडलं होतं आणि देशातलं मीठ सैन्यासाठी मांस खारवायला लागत होतं. ग्रोविकला नेहमीच्या निम्मंच मीठ मिळालं. गुनिल्ला नावाच्या विधवेचा हात खारवण्यात चांगला, म्हणून गावाची हेरिंग मासळी तिच्याच अंगणात पिंपांत भरत. तिने निम्म्या मिठात भागवलं. उन्हाळ्यात पिंपं फुगली, झाकणांखालून फेस आला. वास असा सुटला की कुत्री अंगण सोडून गेली. गुनिल्लाला स्वतःच्या हाताची किळस आली. पण समुद्र गोठल्यावर गावाला दुसरं अन्न नव्हतं.

तशात राजाचा वसुलीदार होडीने आला. त्याचा कायदा सोपा होता. मासा चांगला असला तर बराचसा सैन्याला. नासका असला तर रोगराई नको म्हणून सगळा समुद्रात. दोन्हीकडून गाव मरणार होतं.

त्याने पिंपं कातळावर आणवली. पहिलं झाकण निघताच वसुलीदाराने नाकाला रुमाल लावला.

"बाई, तुमच्याकडे मेलेल्यांना पुरत नाहीत वाटतं, पिंपात भरतात. नासलाय हा."

"नासला नाही, सरकार," गुनिल्ला म्हणाली. "आंबलाय. आम्ही असाच खातो."

तोवर कुणीही तो खाल्ला नव्हता.

"मग खा."

तिने मासा उचलला. करडा, बुळबुळीत, बोटांतून ओघळणारा. घशाशी आलेला उमासा तिने माशासकट गिळला म्हणे. चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. तिचं पाहून शेजारणी पुढे आल्या, त्यांनीही खाल्ला.

वसुलीदार हसला. खाण्याजोगा आहे तर राजाचा वाटा काढा, असं त्याने सुनावलं.

"न्या," ती म्हणाली. "पण आधी चाखा. उद्या सैन्य ओकलं तर मान तुमची जाईल."

बायांनी खाल्लेलं आपल्याला जमू नये, याची त्याला लाज वाटली. त्याने तुकडा तोंडात टाकला आणि त्याच कातळावर सकाळचं सगळं बाहेर काढलं, स्वतःच्या बुटांवर. आता त्याला मासा चांगला म्हणून नेता येईना. आणि बायांनी त्याच्यादेखत खाल्लेला, म्हणून नासका ठरवून फेकताही येईना. तो रिकाम्या होडीत बसून गेला.

होडी बेटाआड गेल्यावर गुनिल्ला जाळ्यांच्या खोपटामागे जाऊन ओकली. चूळ भरून परत आली आणि गावाला म्हणाली, "आता जिभेला सवय लावा."

गावाने हिवाळाभर तो खाल्ला. शिव्या देत खाल्ला. बर्फ वितळलं तेव्हा कुठल्याही घराची चूल विझलेली नव्हती.

आजही ऑगस्टमध्ये पहिलं पिंप त्या कातळावरच उघडतात. 'नासका' म्हणणाऱ्याला ताटावरून उठवतात, मग तो पाहुणा का असेना. कसा लागतो, असं ग्रोविकात कुणी कुणाला विचारत नाही. किती खाल्लास, एवढंच विचारतात.