दोन शेवट

"मग मी कुणाच्या बाजूचा, ते तरी सांगा, बुवा!"

सोमगीरबुवा चूल फुंकत होते. लाकडं ओली. धूर त्यांच्या डोळ्यांत गेला होता आणि हा पेंडणेकर डोक्यात.

पेंडणेकर म्हणजे कोर्टाच्या बातम्या लिहिणारा. जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची सगळी जवानी गेली. नंतर खटल्यांवर जाडजूड पुस्तकं लिहिली, शाली मिळवल्या. आता नवं पुस्तक तयार होतं आणि त्याच्या पहिल्या पानावर त्याला बुवांचे दोन शब्द हवे होते. तेवढ्यासाठी सकाळपासून मठाच्या ओट्यावर ठाण मांडून बसलेला. उठायचं नाव नाही.

"आपण इतकंच म्हणायचं, हा लेखक कुणाच्याच बाजूचा नाही. तराजूसारखा आहे."

"मला तराजूतलं काय कळतंय? झोळीवाला माणूस मी."

"अहो, मोठमोठे वकील चहा पाजून विचारतात, पेंडणेकर, तुम्हाला काय वाटतं? मी सांगत नाही. खरं सांगू? मला काही वाटतच नाही."

"मग वैद्याकडं जा. इथं कशाला आलास?"

शिकलेल्यांचं हे असंच. प्रश्न विचारायला येतात आणि उत्तर घरूनच बांधून आणतात.

बुवांनी परत फुंकर मारली. परत धूर.

"तो नारळ कुणाचा?"

पेंडणेकरच्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आली होती.

"अरे हो, राहूनच गेलं! सरूबाईंनी दिलाय, तुमच्यापुढं ठेवायला. विलास खुपसेची आई."

"कोण हा विलास?"

"ज्याच्यावर पुस्तक आहे तो. कंपाउंडर होता. मेव्हण्याला विष घातलं म्हणून खटला चाललाय. उद्या निकाल. पोरगा सुटावा म्हणून तिनं नारळ दिला. तिच्या घरी किती वेळा जेवलोय, बुवा. लेकासारखं मानते मला."

"आणि सकाळपासून तिचा नारळ पिशवीत."

"राहिलं हो..."

नारळ चुलीशेजारी आला.

"निकाल उद्या. मग पुस्तक आज तयार कसं?"

पेंडणेकरची कळी खुलली. हेच कुणी विचारावं म्हणून तो वाट बघत होता.

"ती आमच्या धंद्यातली रीत आहे. निकालाच्या आदल्या दिवशी दोन्ही बातम्या लिहून ठेवायच्या. दोषी ठरला, ही एक. सुटला, ही एक. निकाल लागला की खरी ठरेल ती पाठवायची. मी पुस्तकालासुद्धा तेच केलंय. दोन शेवट! उद्या दुपारी निकाल, संध्याकाळी छापखान्यात."

त्यानं पिशवीतून दोन गठ्ठे काढले आणि कुणी सांगितलं नसताना वाचायला लागला. विलास दोषी ठरतो. सरूबाई कोर्टाच्या पायरीवर बसते. पोलिसांची गाडी निघते, ती उठून गाडीमागं जाते, एक चप्पल पायरीवरच राहते...

वाचता वाचता त्यानं स्वतःचेच डोळे पुसले.

"इथं वाचक रडणार, बुवा!"

"आणि ती?"

"ती कोण?"

चुलीत एक ठिणगी होती, तीही गेली.

"हात् तिच्या मारी!" बुवांनी फुंकणी आपटली. "सकाळपासून चहाचं आधण नाही आणि हा कहाण्या वाचतोय! ए तराजू, यातला एक गठ्ठा उद्या रद्दीच ना?"

"एक तर जाणारच."

"मग दे इकडं. आज पेटला काय आणि उद्या फाटला काय."

"घ्या की. कॉम्प्युटरमध्ये आहेच माझ्या."

बुवांनी चुलीकडं तोंड ठेवूनच हात मागं केला. पेंडणेकरनं त्यांच्या हातावर गठ्ठा ठेवला. बुवांनी तो सरपणाखाली सारला, काडी ओढली. कागद भडकला. लाकडं तडतडली. आधण चढलं.

"कुठला दिलास?"

"अं?"

"मला वाचता येत नाही. कुठला दिलास?"

पेंडणेकरनं मांडीवर उरलेला गठ्ठा बघितला. मांडीवर चप्पल होती, पायरी होती, पोलिसांची गाडी होती.

"...सुटल्याचा."

आधणाला उकळी आली. बुवांनी त्यात चहा-साखर टाकली, गाळला, दोन पितळ्यांत ओतला. एक त्याच्यापुढं सरकवली. पेंडणेकरनं ती उचलली नाही.

"तो गठ्ठा पातळ होता, बुवा. पटकन पेटेल म्हणून दिला."

"पातळ कुणी केला?"

चुलीत कागदाची राख अजून पानासारखी उभी होती. बुवांनी फुंकणीनं ढोसली, खाली बसली.

"घरी जाऊन नवा लिहितो. रात्रभर बसतो. दुसऱ्याइतकाच जाड करतो, मग तर झालं?"

"कर की."

"आणि ते पहिल्या पानावरचे दोन शब्द..."

बुवांनी आपला चहा संपवला. पितळी पालथी घातली. मग चुलीशेजारचा नारळ उचलला आणि पेंडणेकरच्या मांडीवर, त्या जाड गठ्ठ्यावर ठेवला.

"हा तिचा तिला परत नेऊन दे. निकाल लागल्यावर मी नारळ घेत नाही."