टिटवीला दिलेली सूट

तळ्यात माणसाची घागर अजून बुडाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. कोल्हा तळ्याचा राखणदार झाला आणि त्यानं फर्मान काढलं, "पाणी एकेकानंच प्यायला पाहिजे. कुणी गढूळ करायचं नाही. आणि टिटवीताई, तुम्हाला आता ओरडायची गरज नाही. मी आहे ना!"

रानम्हशी निवांत झाल्या. टिटवी मात्र चरकली. तिची अंडी काठावरच्या उघड्या खड्यांत होती, आणि कोल्ह्याच्या तोंडून माया गळायला लागली की तिच्यामागं लाळ असतेच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"म्हणजे मी ओरडायचंच नाही का?" तिनं विचारलं.

"छे, छे! मनाई कुठं केली? गरज नाही, एवढंच."

"मनाई करायची असेल तर चारचौघांत कर. आणि का, तेही सांग."

कोल्हा कसनुसा हसला अन् शेपूट झाडत निघून गेला.

तितर म्हणाला, "बाई, एवढी सूट मिळालीय, तर गप बस की! किती तो संशय!"

"सूट मला मिळालीय ना? मग घ्यायची का टाकायची, ते मी बघेन."

दुपारी सगळे सावलीला पेंगले. कोल्हा खड्यांवरून हलक्या पावलांनी अंड्यांकडे आला. टिटवीनं असा गिल्ला केला, की रानम्हशी शिंगं रोखून धावल्या.

पळता पळता कोल्हा किंचाळला, "सांगितलं होतं ना, गरज नाही म्हणून!"

"तुला नव्हती रे, मेल्या," टिटवी अंड्यांवर बसत म्हणाली.