गयाक्काचा डावा डोळा

“मग प्रायश्चित्त कोणतं, ते तरी सांगा!” विश्वंभर वैद्य तिसऱ्यांदा म्हणाला.

निरंजनबुवा मठाच्या पायरीवर ऊन खात बसले होते.

“एक्केचाळीस दिवस उपास करतो. नाहीतर नर्मदा परिक्रमा, अनवाणी...”

पापातसुद्धा विश्वंभरला पहिला नंबर हवा होता. पंचक्रोशीत त्याच्या मधाच्या थेंबांचा बोलबाला होता. मोतीबिंदू झालेली माणसं त्याच्या ओसरीवर रांग लावून बसत. थेंब घालत राहा, पडदा विरघळेल, असं तो छातीठोकपणे सांगे. आईमागं ज्या थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं, ती गयाक्काही रोज सकाळी त्याच्यापुढं मान मागं टाकून बसायची.

गेल्या आठवड्यात तिचा उजवा डोळा लालबुंद होऊन ठणकू लागला. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मोतीबिंदू फार जुना होऊन डोळ्यातला दाब वाढला होता, आतली नस मेली होती. आता ऑपरेशन करूनही या डोळ्याला दिसायचं नाही, असं त्या म्हणाल्या. डाव्यातलं धुरकटलेलं भिंग काढून नवं बसवता येईल, पण लवकर या.

“आक्का काय म्हणते?” बुवांनी विचारलं.

“म्हणते, विसू, तू सांगशील तसं करू.” विश्वंभर बुवांशेजारी टेकला. “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बुवा. घरात पाऊल टाकवत नाही.”

बुवांनी डावा डोळा चोळला.

मग म्हणाले, “माझ्याही डाव्या डोळ्यापुढं धुकं आलंय. थेंब आहेत जवळ?”

बाटली कायम खिशात असायची. बुवांनी मान मागं टाकली आणि बोटांनी पापणी उघडी धरली.

“घाल.”

विश्वंभरनं बूच काढलं. हात डोळ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

“घाल की.”

“नको, बुवा... यानं काही होत नाही.”

“हे कधी कळलं तुला?”

विश्वंभरनं बूच परत बसवलं.

“गेल्या आठवड्यात?”

विश्वंभरनं नकारार्थी मान हलवली. गावात शिबिराला आलेल्या एका डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मोतीबिंदू थेंबांनी जात नाही, पिकायची वाट बघू नका, माणसं आमच्याकडं पाठवा. तेव्हा ओसरीवर तीसेक माणसं बसली होती. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं कबूल करणार?

“तीन वर्षं झाली,” तो पुटपुटला.

बुवांनी पापणी सोडली.

“आक्काला ठाऊक आहे?”

“नाही.”

साठीला आलेला तो माणूस लाज सोडून हुंदके देत होता, धोतराच्या सोग्यानं नाक पुसत होता. बुवांनी त्याला गप्प केलं नाही.

शेवटी तो उठला. “उद्याच्या पहिल्या एसटीनं मीच नेतो तिला. डावा डोळा तरी... माझ्या हातानं...”

“आधी सांग,” बुवा म्हणाले. “मग ती ज्याचा हात धरेल, तो नेईल.”